फाट्यापासून पुढे

लक्झेंबर्ग हा युरोपातला देश २,५८६ चौरस किलोमीटरचा. आपला अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा. एका जिल्ह्यात साडेसहा लक्झेंबर्ग बसतील आणि वर थोडी जागा उरेल. तरी त्या एवढ्याशा देशात कसं फिरावं हे सांगणारे नकाशे, पुस्तकं आणि वेळापत्रकं ढिगाने मिळतात. नेवासे तालुक्यात कसं फिरावं असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "स्वतःची गाडी घेऊन या."

या उत्तरावर माझा राग आहे. गाडी नसलेल्या माणसाने ज्ञानेश्वरीचं गाव बघूच नये की काय? आणि गाडी असलेला तरी काय बघतो? शिर्डीहून निघालेली जीप शनी शिंगणापूरला तेल वाहते आणि अंधार पडायच्या आत परत शिर्डीला पोचते. आपण नेवासे तालुक्यात येऊन गेलो हे त्या जीपमधल्या दहातल्या नऊ जणांना ठाऊकही नसतं.

म्हणून हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. मुलगा किंवा सून तिकडे नोकरीला आहे म्हणून पहिल्यांदा परदेशी निघालेले नगरकडचे आईबाप, हे एक. अॅमेझॉनचं युरोपातलं मुख्यालय लक्झेंबर्गमध्ये आहे, संगणकाच्या कामावर गेलेली आपली मुलं तिथे भेटतात. दुसरा वाचक म्हणजे पुण्या-मुंबईचा किंवा संभाजीनगरचा, ज्याला नेवाशाला दोन दिवस काढायचे आहेत. दोघांची अडचण मुळात एकच आहे: मोठ्या रस्त्यावर उतरल्यावर पुढचे चार-पाच किलोमीटर कसे जायचे?

आधी लक्झेंबर्गचं उरकतो.

२०२० च्या २९ फेब्रुवारीपासून त्या देशाने सगळी सार्वजनिक वाहतूक फुकट केली. बस, ट्राम, रेल्वेचा दुसरा वर्ग, कशालाच तिकीट नाही. सगळ्या देशात असं करणारा तो जगातला पहिला देश. नियम पाहुण्यालाही लागू आहे, त्यामुळे तिकीट कुठे काढायचं, कुठल्या यंत्रात घालायचं ही परदेशातली निम्मी धास्ती तिथे उरतच नाही. मार्च २०२५ पासून शहरातली ट्राम थेट विमानतळापर्यंत जाते. पहिल्या वर्गाच्या डब्यात मात्र चुकून बसू नका, तिथे पैसे लागतात. आणि हे सगळं देशाच्या हद्दीपुरतंच आहे. राहण्याचा खर्च वाचवायला लोक शेजारच्या जर्मनीतल्या ट्रिअर गावात उतरतात. युक्ती चांगली आहे, पण सीमा ओलांडणाऱ्या प्रवासाचं तिकीट काढावं लागतं.

भारतातून तिथे थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, पॅरिस, अॅमस्टरडॅम अशा एखाद्या ठिकाणी उतरून पुढे जायचं, आणि परदेशप्रवेशाची तपासणी त्या पहिल्या विमानतळावरच होते. व्हिसा शेंगेनचा. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. मोठ्या माणसाला जून २०२४ पासून ९० युरो शुल्क आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि पंधरा दिवसांच्या आत आला तर उशीर झालेला असतो. दोन-तीन देश फिरणार असाल, तर जास्त दिवस जिथे राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा. "फ्रान्सचा लवकर मिळतो" असं सांगणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका.

पहिल्या अर्जाच्या वेळी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, ते ठसे पुढे ५९ महिने चालतात. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. आयुष्यभर उसाच्या, कांद्याच्या शेतात राबलेल्या हातांचे ठसे यंत्राला लवकर उमजत नाहीत, हे रेशनच्या दुकानात उभं राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा आईवडिलांनी आधीचे आठ-पंधरा दिवस रात्री हाताला खोबरेल लावावं, आणि पुढच्या विमानासाठी मध्ये दोन तासांऐवजी चार तास ठेवावेत.

हा शेंगेन शब्द आपण शंभरदा उच्चारतो, पण शेंगेन हे लक्झेंबर्गमधलंच एक खेडं आहे. मोझेल नदीच्या काठी, तीन देशांच्या सीमा मिळतात तिथे. १४ जून १९८५ रोजी नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या आणि खेड्याचं नाव जगभरच्या व्हिसावर गेलं. तिथेही फुकट बस जाते.

त्या देशातलं एकच ठिकाण निवडा म्हणाल, तर मी एख्टरनाख सांगेन. राजधानीपासून पस्तीसेक किलोमीटरवर, झाउअर नदीच्या काठी. पलीकडचा काठ जर्मनीचा. इसवी सन ६९८ मध्ये विलिब्रॉर्ड नावाच्या साधूने इथे मठ स्थापला आणि पुढे त्या मठातल्या लेखनशाळेत सोन्याच्या अक्षरांचे ग्रंथ लिहिले गेले. विलिब्रॉर्डची समाधीही इथेच. दर वर्षी पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी माणसं रांगा धरून, एकमेकांच्या हातातल्या पांढऱ्या रुमालांची टोकं पकडून, एकाच चालीवर पावलं टाकत गावातून समाधीपर्यंत नाचत जातात. २०१० मध्ये युनेस्कोने ही यात्रा जगाच्या वारशात नोंदवली. पावली खेळलेल्या वारकऱ्याला तिथे काहीही समजावून सांगावं लागणार नाही. फक्त रस्त्यावरच्या टपरीवर मिळणारे किसलेल्या बटाट्याचे तळलेले वडे माळकऱ्यांनी विचारून घ्यावेत. त्यात बहुधा अंडं असतं.

एख्टरनाखला आज रेल्वे नाही. होती, ती बंद झाली, आणि तिच्या मार्गावर आता सायकली चालतात. म्हणजे नदीकाठचं गाव, तिथे लिहिला गेलेला ग्रंथ, तिथली यात्रा, आणि पोचायला फक्त बस. नेवाशाची कुंडली हीच आहे. फरक आहे तो बसमध्ये.

आता नेवासे.

नगर ते छत्रपती संभाजीनगर हा साधारण ११५ किलोमीटरचा महामार्ग. त्याच्या जवळजवळ मध्यावर नेवासा फाटा. नगरहून निघालं की जेऊर, इमामपूरचा घाट, पांढरीपूल, घोडेगाव, वडाळा बहिरोबा आणि मग हा फाटा. तालुक्यात रेल्वे नाही. रेल्वेने यायचं तर दौंड–मनमाड मार्गावर श्रीरामपूरला किंवा नगरला उतरायचं आणि एसटी धरायची. महामार्गावरून एसटी भरपूर जातात, पण लांब पल्ल्याची गाडी फाट्यावरच उतरवते. गाव आत राहतं, तीनेक किलोमीटर. तिथून सीटवर चालणाऱ्या रिक्षा आहेत. दिवसा अडचण येत नाही. संध्याकाळ झाली की रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, किंवा सगळ्या सीटचे पैसे एकट्याने भरायचे.

या तालुक्याची सगळी रचना फाट्यांची आहे. शिंगणापूर घोडेगावहून आत, देवगड देवगड फाट्याहून आत, भेंडे-कुकाणे नेवाशाहून पुढे. महामार्ग उत्तम, फाट्यापर्यंत गाडी उत्तम, आणि तिथून पुढे तुमचं नशीब. फिरण्याचा बेत आखताना ठिकाणं मोजण्यापेक्षा फाटे मोजावेत. एका दिवसात दोन फाटे, तिसरा धरू नये.

तिकिटाच्या बाबतीत मात्र आपण अगदीच मागे नाही. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांपुढच्या माणसांना राज्यात एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या बायकांना अर्धं. आजी फुकट, आई अर्ध्यात आणि बाबा पूर्ण तिकिटात, असं कुटुंब महाराष्ट्रभर फिरतंय. लक्झेंबर्गची श्रीमंती आपल्याकडे नाही, तरी एवढं आपण केलं. आजीच्या पिशवीत आधार कार्ड तेवढं असू द्या.

नेवासे गाव प्रवरेच्या दोन काठांवर आहे, खुर्द आणि बुद्रुक. पैस गावाच्या पश्चिमेला. शके १२१२ म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, तो हा दगडी खांब. गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी खांबच आहे आणि पूजा त्याचीच. त्यावर जुना लेख कोरलेला आहे. मोठं देऊळ बघायच्या तयारीने येणारा माणूस पाच मिनिटांत बाहेर पडतो आणि "एवढंच?" असं तोंडावर आणतो. त्याने येण्यापूर्वी दुर्गा भागवतांचा 'पैस' हा लेख वाचायला हवा होता. ज्या संग्रहाला त्यावरून नाव मिळालं, त्याला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा शेवट. तिथे ग्रंथ कोणत्या राजाच्या राज्यात, कोणत्या नदीच्या कोणत्या काठी, कोणत्या देवतेच्या सान्निध्यात झाला हे सगळं नोंदलेलं आहे: यादवांचा रामचंद्र, गोदावरीचा दक्षिण काठ, महालया. एवढा नेमका पत्ता जुन्या ग्रंथांत क्वचित सापडतो.

ती महालया म्हणजे आजचा मोहिनीराज. अमृत वाटणारा विष्णूचा मोहिनी अवतार. मूर्तीत स्त्री आणि पुरुष दोन्ही. आजचं दगडी देऊळ अठराव्या शतकातलं, होळकरांचे दिवाण चंद्रचूड यांनी बांधलेलं. खांबांवरची आणि छतावरची कोरीव कामं बघायला मान वर करून वेळ द्यावा लागतो, म्हणून सकाळी उन्हं चढायच्या आत जावं. माघात यात्रा असते. त्या दिवसांत देऊळ बघायला जाऊ नये, यात्रा बघायला जावं. पैसाचं गणितही तसंच: वद्य एकादशीला वारकऱ्यांची रीघ लागते. भजनासाठी जायचं तर तोच दिवस, खांबाजवळ शांत बसायचं तर दुसरा कुठलाही.

नेवाशाचा तिसरा ऐवज बहुतेक पाहुणे बघतच नाहीत. लाडमोड टेकडी. नदीकाठचं साधं पांढरीचं टेकाड दिसतं. १९५४ ते ५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया, शां. भा. देव आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते खणलं, आणि १९५९ नंतर पुन्हा खणलं. वरून खाली मुसलमानी-मराठी काळ, सातवाहन, ताम्रपाषाण असे थर लागले आणि नदीच्या गोट्यांत त्याहूनही कितीतरी जुनी दगडी हत्यारं. मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यार-परंपरेला अभ्यासक 'नेवासियन' म्हणू लागले. जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या गंजामुळे तिचा दोरा टिकून राहिला होता. तपासलं तर त्यात रेशीम आणि कापूस निघाला. तीन हजार वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कुणीतरी रेशमाच्या दोऱ्यात मणी ओवून लेकराच्या गळ्यात बांधले होते.

सातवाहन काळाच्या थरात रोमन अँफोरांचे तुकडे मिळाले, म्हणजे भूमध्य समुद्राकडून दारू नाहीतर तेल भरून आलेल्या उंच दुहेरी कानांच्या रांजणांचे. समुद्र उतरून, घाट चढून ते रांजण नेवाशापर्यंत आले होते. एख्टरनाखलाही १९७५ साली तळं खोदताना भला मोठा रोमन वाडा सापडला. तो आज नीट राखलेला आहे, बघता येतो. नेवाशाच्या वस्तू पुण्याला डेक्कन कॉलेजात आहेत. तेव्हा पुण्याच्या वाचकाने क्रम उलटा धरावा: आधी आपल्या गावातलं डेक्कन कॉलेज, संग्रहालय कधी उघडं असतं हे विचारून, आणि मग लाडमोड. टेकडीवर चढताना पायाखाली खापरं दिसतील. ती उचलायची नाहीत. खिशात घातलेलं खापर फक्त दगड असतं.

नकाशावर 'मधमेश्वर' शोधणाऱ्यांना एक सूचना. नेवाशाला प्रवरेच्या पात्रात मधमेश्वराचं देऊळ आणि बंधारा आहे. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेलं नांदूर मधमेश्वर वेगळं, ते नाशिक जिल्ह्यात निफाडकडे. मोबाइल कुठल्या मधमेश्वराला नेतोय, हे निघण्यापूर्वी बघून घ्या.

पक्षी नेवाशाकडेही आहेत, पण ते बघायला प्रवरासंगमाला जायचं. प्रवरा तिथे गोदावरीला मिळते. पैठणच्या जायकवाडी धरणाचं पाणी मागे या संगमापर्यंत पसरतं. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ साली त्या धरणाची पायाभरणी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. नाथसागराचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, लक्झेंबर्गचा सातवा हिस्सा नुसतं पाणी म्हणा. नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात गेली आणि वर येऊन वसली. १९८६ पासून हे पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रोहित, चक्रवाक, पट्टकदंब हंस उतरतात. काठ दर महिन्याला सरकतो. ऑक्टोबरात जिथे पाणी असतं, तिथे उन्हाळ्यात गाळपेर झालेली असते. कुणाच्या तरी हरभऱ्यातून चालत पाण्याकडे जाऊ नका, बांधावरच्या माणसाला वाट विचारा. तो सांगतो, आणि पक्षी कुठे बसलेत तेही सांगतो.

संगमाजवळच टोके. सिद्धेश्वराचं पेशवाईतलं देऊळ आणि घाट. १७६१ साली पुण्यावर चालून निघालेल्या निजामअलीच्या फौजेने टोक्याची देवळं पाडली, त्यामुळे त्याच्याच फौजेतले मराठे सरदार बिथरले आणि रामचंद्र जाधव पेशव्यांना येऊन मिळाले. संभाजीनगरला धावणाऱ्या गाड्या गोदावरीच्या पुलावरून नदीत नाणी टाकत पुढे जातात. वळून टोक्याला येणारा एखादाच. संध्याकाळी घाटावर बसावं, पाण्यात मात्र उतरू नये. धरणाच्या मागच्या पाण्यात गाळ आहे आणि खोली वरून कळत नाही. जवळच्या देवगडला किसनगिरी महाराजांनी उभारलेलं दत्तस्थान आहे, तिथली स्वच्छता तालुक्यात नावाजलेली. मुक्कामाला कुटुंब असेल तर तिथे चौकशी करावी. दत्तजयंतीला जागेची आशा धरू नये.

शिंगणापूरबद्दल मी थोडकंच लिहिणार, कारण त्याची माहिती सगळ्यांना आहे असा सगळ्यांचा समज आहे. देव उघड्यावर, चौथऱ्यावरची साडेपाच फुटांची शिळा. घरांना दारं नाहीत म्हणून गाव प्रसिद्ध. जानेवारी २०११ मध्ये इथे एका बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली तेव्हा देशभर बातमी झाली. तरी तुमची गाडी तुम्ही कुलूप लावूनच ठेवा. एप्रिल २०१६ पासून चौथऱ्याची वाट बायकांनाही खुली झाली. मार्च २०२५ पासून देवाला सुटं, भेसळीचं तेल चालत नाही, नामवंत कंपनीचं बंद डब्यातलं खाद्यतेलच लागतं. त्याच वर्षी देवस्थानाच्या नावाने चाललेल्या बनावट अॅपचा विषय विधानसभेत गाजला, तेव्हा घरबसल्या पूजेचे पैसे भरण्याआधी दहादा विचार करा.

आणि लटकू. इकडच्या रस्त्यांवर गाडीला आडवे येणारे, मोटारसायकलवरून पाठलाग करणारे, "पार्किंग इकडे" म्हणत ठरावीक दुकानापुढे गाडी उभी करायला लावणारे जे दलाल आहेत, त्यांना इकडे लटकू म्हणतात. पोलीस अधूनमधून कारवाई करतात, चार दिवसांनी माणसं पुन्हा रस्त्यावर. काच खाली करू नका आणि वाद घालू नका. पूजेच्या ताटाचा भाव ताट हातात घेण्याआधी विचारा. एसटीने किंवा घोडेगावहून जीपने गेलं तर हा त्रास जवळजवळ नाहीच, कारण लटकूला हवी असते परगावच्या नंबराची मोटार. गाडी नसल्याचा हा एक रोकडा फायदा.

घोडेगावला शुक्रवारी जनावरांचा बाजार असतो, त्यातही म्हशींचा. शिंगणापूरची वाट शुक्रवारी धरली तर बाजार आपोआप बघून होतो. म्हशीचं वय दातांवरून ठरताना बघणं ही तासाभराची शाळा आहे. वडाळा बहिरोबाला अमेरिकन मराठी मिशनचं जुनं ठाणं. एकोणिसाव्या शतकात तिथे सॅम्युएल फेअरबँक नावाचे पाद्री राहिले. धर्मोपदेशाच्या जोडीने त्यांनी पक्षी आणि शंखशिंपले गोळा केले, आणि दक्षिणेतल्या पळणीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आज त्यांचं नाव आहे. खाण्यासाठी पांढरीपुलाची भेळ आणि रस्त्याकडेची बैलाच्या चरकाची रसवंती. रस घ्या, बर्फ नको म्हणा.

ऊस आला की धोका आला. तालुक्यात भेंड्याचा ज्ञानेश्वर आणि सोनईचा मुळा असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत रस्ते उसाचे. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारं वाढं, मागे दिवा असला तर असला. बैलगाड्याही असतात. ट्रॉली चढावर थांबते, मागचा मोटारवाला अंधारात थेट आत जातो. दर हंगामात अशा बातम्या वाचाव्या लागतात. थंडीचे हे महिने फिरायला सगळ्यात चांगले, म्हणून सूर्य मावळल्यावर आतल्या रस्त्यांवर गाडी चालवायची नाही, एवढा एकच नियम मी हट्टाने सांगतो. ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं रस्त्याला लागून असतात आणि मुलं रस्त्यावरच खेळतात. दिवसाही वेग कमी ठेवा.

तर बेत असा: पहिल्या दिवशी सकाळी पैस आणि मोहिनीराज, दुपारनंतर लाडमोड, मुक्काम. दुसऱ्या दिवशी पहाटे प्रवरासंगम, टोके, मग देवगड. शिंगणापूर हवंच असेल तर तिसरा दिवस, शनिवार आणि अमावास्या सोडून. शनी अमावास्येला तर महामार्गच थबकतो.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी धावली ती पुणे आणि नगर यांच्यामध्येच. त्या जिल्ह्यातल्या एका तालुक्यासाठी मागणं फार मोठं नाही. नेवासा फाटा, पैस, मोहिनीराज, प्रवरासंगम आणि देवगड अशी दर तासाला फिरणारी एक छोटी गाडी, सकाळी सहा ते रात्री आठ, आणि प्रत्येक फाट्यावर तिच्या वेळा लिहिलेला वाचता येणारा फलक. फुकट नको, अर्धं तिकीट आहेच. नेवाशाच्या आगाराने, नगरपंचायतीने आणि देवस्थानांनी मिळून एक हंगाम तरी हे करून पाहावं. तोवर तुम्ही सकाळची गाडी धरा, आणि फाट्यावर उतरण्याआधी परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते कंडक्टरला विचारून घ्या.